ताटाची डावी बाजू

डिप या शब्दाचा आमच्या घरात एकच अर्थ होता. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, पुढे फुलोरा झाला आणि मणी बाजरीएवढे दिसू लागले की अण्णा बादलीत जीएचं पाणी कालवायचे. जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड. त्या पाण्यात एकेक घड मगाने बुडवायचा, झटकायचा, पुढच्या घडाकडे जायचं. मणी लांब होतात, फुगतात, बाजारात भाव मिळतो. याला निफाड तालुक्यात शेंबडं पोरही 'डिपिंग' म्हणतं. शाळेत जायच्या आधी मी दोन ओळी डिप करून जायचे.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका वाइन टेस्टिंगला गेले आणि समोरच्या ताटलीकडे बोट दाखवून सूत्रसंचालक म्हणाला, "आता डिप करा", तेव्हा मला पहिल्यांदा बादलीच आठवली.

ताटलीत गाजराच्या, काकडीच्या, सिमला मिरचीच्या उभ्या फोडी होत्या. तीन वाट्या होत्या. एकीत हुम्मुस, एकीत दही-लसूण-पुदिना, एकीत भाजलेल्या वांग्याचा लगदा. शेजारी तीन ग्लास: सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां आणि शिराझ. कुठली वाटी कुठल्या ग्लासाबरोबर जाते ते आम्ही शिकायचं होतं. सूत्रसंचालक मुलगा चांगला होता, तयारीने आला होता. पण बोलता बोलता तो म्हणाला, "आपल्याकडे वाइनची परंपरा नाही, त्यामुळे वाइनबरोबर काय खायचं याचीही नाही. हे सगळं आपल्याला बाहेरून शिकावं लागतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी येताना ते वाक्य खटकत राहिलं. एक तर त्या मधल्या ग्लासातली शेनिन ब्लां आमच्या बांधावर पिकलेली होती, म्हणजे एकेकाळी पिकत होती. आणि तिसऱ्या वाटीतलं वांग्याचं भरीत मी आईच्या हातचं खात मोठी झाले होते. मग बाहेरून नेमकं काय आलं? तेव्हापासून मी हे शोधत बसले. इतिहासाची पदवी एरवी नोकरीत फारशी कामाला येत नाही. म्हटलं, इथे तरी येऊ दे.

एका शब्दाची दुर्दशा

सुरुवात एका अवघड शब्दापासून करते. उपदंश. मराठीत आज हा शब्द गुप्तरोगांच्या पोस्टरवर सापडतो. सिफिलिसला आपण उपदंश म्हणतो, आणि सुश्रुतसंहितेतही या नावाचा जननेंद्रियाचा रोग आहेच. पण संस्कृतात या शब्दाचा दुसरा एक अर्थ होता: पेयाबरोबर तोंडात टाकायचा चटकदार घास. दंश म्हणजे चावा, उपदंश म्हणजे सोबतचा चावा. थोडक्यात, चखणा. गंमत म्हणजे कोशांत याच शब्दाचा आणखी एक अर्थ शेवगा असाही दिलेला असतो.

साधारण तिसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या वात्स्यायनाच्या कामसूत्रात पहिल्याच भागात शहरी माणसाची दिनचर्या आहे. या पुस्तकाचं नाव ऐकून जे आठवतं ते सगळं बाजूला ठेवा. तो भाग आहे सकाळी दात कसे घासावेत, दुपारी मित्रांशी काय बोलावं, संध्याकाळी कुठे जावं याबद्दल. त्यात 'आपानक' येतं. आपानक म्हणजे एकमेकांच्या घरी जमून मद्यपान करण्याची बैठक. तिथे कोणती पेयं असावीत ते सांगून वात्स्यायन लगेच सोबतच्या उपदंशांची यादी देतो. त्यात खारट पदार्थ आहेत, फळं आहेत, हिरव्या भाज्या आहेत, कडू, तिखट आणि आंबट चवीच्या गोष्टी आहेत. मांसाचं नाव या यादीत नाही.

पेयांमध्ये पहिलं नाव आहे मधु. आपल्याला वाटतं मधु म्हणजे मध. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेवरच्या अधिकाऱ्याचं, सुराध्यक्षाचं, एक प्रकरण आहे, आणि त्यात मधु म्हणजे द्राक्षाचा रस अशी स्पष्ट व्याख्या आहे. तो कुठून आला त्यावरून त्याची नावं ठरतात: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातला बेग्रामचा परिसर. म्हणजे ज्याला आज बाटलीवरच्या लेबलवर प्रदेशाचं नाव लिहिणं म्हणतात, ते तेव्हाही चालू होतं.

वात्स्यायनाची ती यादी मी वहीत उतरवली तेव्हा ती ओळखीची वाटली. खारट, आंबट, तिखट, कडू, हिरवी भाजी, फळ. पंगतीत वाढायला सुरुवात करताना आधी काय येतं? मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. ताटाची डावी बाजू. वात्स्यायनाच्या आपानकातून मद्य काढून टाकलं तर आपल्या ताटाची डावी बाजू उरते.

मी असं म्हणत नाही की आपली डावी बाजू आपानकातून आली. तसा पुरावा नाही. मी एवढंच म्हणते की भाजी, आंबट, खारट आणि घोट यांचं नातं या भूमीला परकं नव्हतं.

रोमन शेतकऱ्याचा ठेचा

त्याच काळाच्या आगेमागे तिकडे रोममध्ये काय चाललं होतं? श्रीमंत रोमन माणसाच्या जेवणाची सुरुवात ज्या भागाने व्हायची त्याला 'गुस्तातियो' म्हणत. म्हणजे चाखणं. त्यात लेट्यूस, ऑलिव्ह, कांद्याच्या जातीच्या भाज्या, अंडी असत आणि सोबत 'मुल्सुम', म्हणजे मध घातलेली वाइन. भाज्यांच्या स्टार्टरबरोबर वाइनचा हा जगातला सर्वांत नीट नोंदलेला जुना रिवाज म्हणता येईल. लक्षात घ्या, ती वाइन गोड होती. हा मुद्दा पुढे आपल्या ठेच्यापाशी उपयोगी पडणार आहे.

पण मला श्रीमंतांच्या ताटापेक्षा एक गरीब शेतकरी जास्त आवडला. 'मोरेतुम' नावाची एक छोटी लॅटिन कविता आहे. ती व्हर्जिलच्या नावावर खपवली गेली, पण त्याची नसावी असं अभ्यासक मानतात. तीत एक शेतकरी थंडीत पहाटे उठतो, विस्तव फुंकतो, पीठ दळतो, भाकरी भाजतो. मग परसातून लसूण, कोथिंबिरीसारखे हिरवे पाले आणतो आणि खलात लसूण, मीठ, सुकं चीज, पाला घालून कुटत बसतो. उग्र वासाने डोळ्यांतून पाणी येतं, तो चिडतो, पुन्हा कुटतो. वरून थोडं तेल, थोडा व्हिनेगर. गोळा तयार होतो, आणि तो घेऊन माणूस नांगरायला जातो. या गोळ्याचं नाव मोरेतुम.

हे वाचताना मला फक्त आमचा खलबत्ता दिसत होता. चीजच्या जागी शेंगदाणे टाका, झाला ठेचा. आज युरोपातल्या हॉटेलात ज्याला डिप म्हणून वाटीत सजवतात त्याचा हा पूर्वज शेताच्या बांधावर भाकरीशी खाल्ला जात होता. कवितेत त्याच्याबरोबर वाइनचा उल्लेख नाही. शेतकऱ्याच्या वाट्याला कुटणं आलं.

आणि रोमन वाइन इथवर येतही होती. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत भडोच बंदरात काय खपतं त्याची यादी आहे. त्यात वाइन आहे, आणि वर टीप आहे की इटलीतल्या वाइनला जास्त पसंती. त्याच पुस्तकात भडोचहून आत घाटावर जाणाऱ्या वाटेवरच्या दोन पेठांची नावं आहेत, पैठण आणि तेर. १९५४ ते ५६ दरम्यान ह. धी. सांकलियांच्या पथकाने नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा दुमुठी उंच मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. तेरला, कोल्हापूरला, घारापुरीलाही असे तुकडे मिळाले. पुढे बारकाईने तपासल्यावर भारतात सापडलेले यांतले बरेच तुकडे रोमन नसून मेसोपोटेमियातल्या, आतून डांबर लावलेल्या रांजणांचे आहेत असं लक्षात आलं. म्हणजे वाइन एका दिशेने येत नव्हती, दोन दिशांनी येत होती. प्रवरेच्या काठी बसून सातवाहनांच्या काळात कुणीतरी ती प्यायली असणार. सोबत काय चावलं असेल? मडकं ते सांगत नाही. पण वांगं या मातीत तेव्हाही होतं.

वांगं गेलं, मिरची आली

वांग्याचा प्रवास हा या सगळ्या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता भाग. वांगं मूळचं आपल्या बाजूचं. इथून ते इराणात गेलं, तिथून अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेनपर्यंत. संस्कृतातल्या एका जुन्या नावाचं फारसीत 'बादिंगान' झालं, अरबीत 'बाधिंजान', स्पॅनिशमध्ये 'बेरेंखेना', पोर्तुगीजमध्ये 'बेरिंजेला'. आणि पोर्तुगीज तो शब्द जहाजात घालून परत आपल्याकडे घेऊन आले, त्याचं झालं ब्रिंजल. भाजीवाल्याकडे उभं राहून इंग्रजी झाडायला आपण ब्रिंजल म्हणतो, तेव्हा आपलाच शब्द अर्धं जग फिरून आलेला असतो.

नवव्या-दहाव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या दरबारात वांग्याची चैन झाली. दहाव्या शतकात तिथे इब्न सय्यार अल-वर्राकने पाककृतींचं एक मोठं पुस्तक संकलित केलं. त्यात 'बवारिद' नावाचा पदार्थांचा एक वर्गच आहे. हे थंड वाढायचे, जेवणाच्या सुरुवातीचे पदार्थ; त्यांत व्हिनेगर घातलेल्या भाज्याही आहेत. धर्मात मद्याला बंदी, पण दरबारात मैफली चालत आणि त्यांत सोबत खायच्या गोष्टींना 'नुक्ल' असं स्वतंत्र नाव होतं. चण्याचा लगदा करून त्यात आंबट आणि तिळाचं वाटण घालायच्या पाककृती तेरा-चौदाव्या शतकातल्या अरबी पुस्तकांत येतात. आजच्या हुम्मुसचे ते आजोबा.

पुढे तुर्कस्तान, लेबनॉन, ग्रीस या सगळ्या पट्ट्यात लहान लहान बशा मांडून, हळूहळू पीत, तासन्तास बसायची रीत रुजली. तिचं नाव मेझे. हा शब्द फारसी 'मझा'वरून आला. मझा म्हणजे चव. आणि फारसीतून हाच शब्द आपल्याकडेही आला. त्याचं आपण काय केलं? मजा. म्हणजे 'मजा आली' म्हणताना आपण मुळात 'चव आली' असं म्हणत असतो. चखणा हाही चाखण्यातूनच आला. रोमन माणसाचं गुस्तातियोही चाखणं. कुणीच या पदार्थाला पोट भरण्याच्या क्रियेवरून नाव दिलेलं नाही.

आता उलट्या दिशेने काय आलं ते पाहा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोव्यात अमेरिकेतून मिरची आणली. मग बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा आणि सिमला मिरची या त्याच खंडातल्या पिकांनीही कुठल्या ना कुठल्या वाटेने आपलं स्वयंपाकघर गाठलं. वात्स्यायनाच्या यादीतलं 'तिखट' म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. मिरचीचं नावही आपण मिऱ्यावरूनच पाडलं. म्हणजे ज्याला आपण अस्सल गावरान म्हणतो तो हिरव्या मिरचीचा आणि शेंगदाण्याचा ठेचा, त्यातला लसूण आणि मीठ सोडलं तर बाकी सगळं पाचशे वर्षांच्या आतलं आहे. आणि ज्याला आपण परदेशी फॅड म्हणतो ते भाजलेल्या वांग्याचं डिप, त्यातलं वांगं इथलं.

मिरचीने इथे एक मोठी उलथापालथ केली. वाइनबरोबर काय खावं याचे युरोपातले सगळे नियम मिरचीशिवायच्या जेवणावर बेतलेले आहेत. जिभेवर ज्या ठिकाणी मिरचीचा जाळ जाणवतो, त्याच ठिकाणाला अल्कोहोलही चेतवतं. त्यामुळे ठेचा खाऊन वर चौदा टक्क्यांची शिराझ घेतली तर आगीत तेल. त्यात लाल वाइनचं टॅनिन, म्हणजे कोऱ्या कडक चहाने तोंड जसं कोरडं पडतं तो गुण, तो जाळ आणखी खरखरीत करतो. याउलट थोडी गोडी, भरपूर आंबटपणा, कमी अल्कोहोल आणि गारवा असेल तर जीभ निवते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मध घातलेल्या मुल्सुमला आपला ठेचा सोसला असता असं मला वाटतं.

आणि हो, 'एका पदार्थाला एक वाइन' हा नियम युरोपातही फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथल्या मेजवान्यांत बरेच पदार्थ एकदमच मेजावर मांडत. एकामागून एक पदार्थ वाढायची पद्धत, जिला रशियन पद्धत म्हणतात, ती त्या शतकात रुळली. तेव्हा कुठे एकेका पदार्थाशी एकेक ग्लास जोडणं सोयीचं झालं. आपलं ताट तर आजही एकदमच येतं. त्यामुळे पेअरिंग जमत नाही म्हणून खजील व्हायचं कारण नाही. आपल्याला एका पदार्थाशी जमणारी वाइन नको असते, सगळ्या डाव्या बाजूशी भांडण न करणारी हवी असते.

काकडी, मीठ आणि परवाना

मग परंपरा तुटली कुठे? मला वाटतं ती एका दिवसात तुटली नाही. पण आपल्या आजी-आजोबांच्या काळात तिच्यावर एक जाड रेघ ओढली गेली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. राज्यघटनेच्या ४७व्या कलमातही मादक पेयांवर बंदीचं ध्येय आहे. पुढे महाराष्ट्रात कायदा सैल झाला, पण रद्द झाला नाही. आजही दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. त्यातूनच 'परमिट रूम' हा अस्सल मराठी शब्द जन्माला आला.

परमिट रूममध्ये ऑर्डरच्या आधी काय येतं? काकडीच्या चकत्या, वर मीठ, लिंबाची फोड, खारे शेंगदाणे, कधी उकडलेले चणे. खारट, आंबट, हिरवी भाजी. वात्स्यायन तिथे बसला तर फक्त शेंगदाणा त्याला ओळखू येणार नाही. यादी टिकली, पण इभ्रत गेली. उपदंश रोगाचं नाव झाला आणि चखणा अंधाऱ्या खोलीतला शब्द.

घरात मात्र एक बाटली राजरोस होती. माझी आजी माळकरी. दारू या शब्दानेही तिला विटाळ व्हायचा. पण जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव ती नेमाने घ्यायची. मनुका, गूळ, धायटीची फुलं घालून आंबवलेलं ते औषध. त्यात आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतंच. वात्स्यायनाच्या पेयांच्या यादीत आसवं आहेत. म्हणजे आमच्या घरात आपानकाच्या दोन्ही बाजू नांदत होत्या. आजीच्या कपाटात पेय आणि आईच्या ताटात डावी बाजू. फक्त त्या एकमेकींना ओळख देत नव्हत्या.

दीड एकर

ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइनचा कारखाना उभा केला आणि फ्रेंचांच्या तांत्रिक मदतीने फेसाळती वाइन बनवून परदेशात पाठवली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकजवळ सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली. तीच पुढे सुला झाली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, आमच्या तालुक्यात विंचूरला वाइन पार्क काढलं. नाशिकला लोक भारताची वाइन राजधानी म्हणू लागले.

अण्णांनी २००५ साली दीड एकर शेनिन ब्लां लावली. एका वाइनरीशी करार होता; तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही. अण्णा खूश होते. वाइनच्या द्राक्षाला डिपिंग नाही. मणी बारीकच हवा, साल जाड हवी, बी असली तरी चालते, कारण चव सालीत असते. मजुरी वाचते. माल चकाकायला नको, फक्त साखर भरायला हवी. रिफ्रॅक्टोमीटर नावाची नळी डोळ्याला लावून अण्णा ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचे. मला ती दुर्बीण वाटायची.

२००८ साली जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइनरींच्या टाक्या आधीच्या वर्षीच्या मालाने भरलेल्या होत्या. २००९च्या हंगामात आमच्या मालाला गाडी आलीच नाही. आज येते, उद्या येते. वाइनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही. बारीक, बियांचं, जाड सालीचं द्राक्ष कोण घेणार? बेदाण्यालाही ते चालत नाही. घड वेलीवर सुकले, मग गळले. पुढच्या वर्षी अण्णांनी बाग उपटली. नाशिक जिल्ह्यात त्या दोन-तीन वर्षांत अनेकांनी उपटली. मी बारा वर्षांची होते. मुळं ट्रॅक्टरने ओढताना अण्णा बांधावर पाठ करून बसले होते, एवढं आठवतं.

ज्या वाइनसाठी तीन वर्षं बाग जपली ती आमच्या घरात कुणीही कधी चाखली नव्हती. अण्णांना ती आंबट लागते की गोड, हेही ठाऊक नव्हतं.

आणि आईचं वेगळंच. तिच्या माहेरच्या गावात दारूने घरं बसली होती. दुकान बंद करायला बायकांनी मतदान केलं, उभी बाटली की आडवी बाटली. तिचा भाऊ त्याच दुकानापायी गेला होता. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, शेतकऱ्याचा फायदा होईल असं सांगितलं, आणि राज्यभर वाद पेटला. तो निर्णय पुढे अमलात आला नाही. टीव्हीसमोर अण्णा म्हणाले, "तेव्हा असतं तर आपला माल गेला असता." आई म्हणाली, "बाटली ती बाटली." दोघंही खरं बोलत होते. मी कुणाची बाजू घ्यावी ते मला आजही कळत नाही.

भरीत आणि शेनिन

गेल्या जानेवारीत मी नाशिकच्या शेनिन ब्लांची एक बाटली घरी नेली. आईला आधी फोन करून विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आण. पण मी शिवणार नाही. आणि देवघराकडच्या खोलीत नको." मी म्हटलं, "ओट्यावर बसू." "बस," म्हणाली, "भरीत करते."

ओट्यावर ताट मांडलं. काट्याकुट्यांत भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून. काकडीची दह्यातली कोशिंबीर. ठेचा. मुळ्याच्या फोडी, लिंबू, मीठ. शेजारच्या रानातून आलेला ज्वारीचा हुरडा.

काय जमलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला करून पाहता येईल. शेनिन थोडी गोडसर होती आणि थंड होती. भरताच्या धुराशी आणि तेलाशी तिचा आंबटपणा छान बोलला. कोशिंबिरीशीही जमलं, कारण दही आंबट असेल तर वाइन निदान तेवढी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाण्यासारखी लागते. ठेच्याशी तिने निदान भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी चुलत भावाने आणलेली लाल वाइन ठेच्यापुढे पार कडू झाली. सोव्हिन्यों ब्लां मी पुण्यात सिमला मिरचीबरोबर खाऊन पाहिली आहे. ती जुळते याचं कारण म्हणजे त्या वाइनमधला हिरवा वास आणि सिमला मिरचीचा वास एकाच जातीच्या रसायनाचा असतो. आणि कांदाभज्यांचा बेत असेल तर फेसाळती घ्या. बुडबुडे तेल धुऊन काढतात.

अण्णांनी ग्लास नको म्हटलं, स्टीलच्या फुलपात्रात घेतली. आधी वास घेतला, मग अगदी छोटा घोट. तो तोंडात धरून ते समोरच्या प्लॉटकडे बघत राहिले. तिथे आता टेबलाची द्राक्षं आहेत, नुकतंच डिपिंग झालेली. मी वाट बघत होते. मला वाटलं ते चवीबद्दल काहीतरी बोलतील.

"किती ब्रिक्सला तोडली असेल ही?" त्यांनी विचारलं.

मी बाटली फिरवून पाहिली. "ते लिहिलेलं नसतं, अण्णा."

"आपली तेवीसला होती," ते म्हणाले. "तेवीसला. तरी नाही नेली."

मग फुलपात्र खाली ठेवून त्यांनी भाकरी मोडली. आईने काही न बोलता त्यांच्या ताटात डावीकडे आणखी थोडं भरीत वाढलं. फुलपात्रातली वाइन त्यांनी संपवली नाही, पण ओतूनही दिली नाही. जेवण होईपर्यंत ती तिथेच, ताटाच्या डाव्या बाजूला राहिली.